सेवासूचीतील नोंद : उद्दिष्टे आणि सेवा यांतील भेद

लोकोपयोगी संस्थांच्या सूची पुष्कळ निघतात. परंतु त्यांतील नोंदी वाचून गरजूला नेमके कोठे जावे हे कळतेच असे नाही. याचे एक कारण नोंदींच्या उगमात सापडते. आपल्याकडील बहुसंख्य संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. घटनापत्र तयार करताना पुढे कायद्याची अडचण येऊ नये म्हणून दारिद्र्यनिवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य असे सर्व हेतू त्यात घालून ठेवण्याची प्रथा आहे. ते योग्यच होय. मात्र ती यादी संस्थेला काय करण्याची मुभा आहे हे सांगते, संस्था आज काय करते हे सांगत नाही. सूचीकार तीच यादी उतरवून घेतो आणि घोटाळा तेथेच सुरू होतो.

पनवेल तालुक्यातील दोन प्रसिद्ध संस्था पाहाव्यात. कर्नाळ्यापलीकडे तारा येथील युसूफ मेहेरअली सेंटर १९६१ मध्ये स्थापन झाले. ‘ग्रामीण विकास’ एवढेच त्याच्याविषयी लिहिले, तर खादी, तेलघाणी, साबण, शाळा आणि दवाखाना हे सारे त्या दोन शब्दांत बुडून जाते. येथे एका संस्थेची एक नोंद न करता प्रत्येक सेवेची स्वतंत्र नोंद करणे इष्ट. दुसरी संस्था नेरे येथील शांतिवन. कुष्ठरोग निवारण समितीने ते कुष्ठरुग्णांसाठी उभारले. कालांतराने तेथे वृद्धाश्रम, आश्रमशाळा व निसर्गोपचार केंद्रही आले. निसर्गोपचारासाठी जाणाऱ्यास आणि वृद्ध पित्यासाठी आसरा शोधणाऱ्यास एकच परिच्छेद पुरत नाही.

शब्दांची निवड हीही येथे केवळ शैलीची बाब राहत नाही. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. तरीही ‘महारोगी’ हा शब्द नोंदीत राहिला, तर लवकर उपचार घेऊ शकणारा मनुष्य तो वाचून दाराशीच थबकेल.

नमुन्यादाखल एक कल्पित नोंद घेऊ. ‘उपेक्षित व वंचित घटकांच्या सर्वांगीण उन्नतीसाठी अहोरात्र झटणारी अग्रगण्य संस्था.’ यात खोटे काही नसेल, पण उपयोगाचेही काही नाही. तीच अशी लिहिता येईल : ‘साठ वर्षांवरील व्यक्तींच्या डोळ्यांची तपासणी. मंगळवारी सकाळी ९ ते १२. तपासणी विनामूल्य, चष्म्याचे पैसे द्यावे लागतात. शिधापत्रिका आणावी.’ केवळ ‘मोफत’ म्हटले असते, तर चष्म्याच्या वेळी वाद झाला असता. वार दिला नसता, तर वाडीवरील कातकरी मजुराचा एक दिवसाचा रोज बुडाला असता, आणि बहुधा तो पुन्हा आला नसता.

कोणास सेवा मिळत नाही हे लिहिण्यास संस्था संकोचतात. वृद्धाश्रमांच्या बाबतीत हा संकोच फार महाग पडतो. ‘स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश’ हे वाक्य गाळल्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या आईला गाडीतून आणलेले कुटुंब दारातून परत जाते.

पत्त्याविषयी पनवेलकरांस अधिक सांगणे नलगे. ‘पनवेल’ म्हणजे जुने गाव, तालुका, की २०१६ मध्ये स्थापन झालेली, खारघर-कामोठे-कळंबोलीपर्यंत पसरलेली महानगरपालिका? ‘स्थानकाजवळ’ म्हणावे, तर रुळांच्या एका अंगास जुने पनवेल आणि दुसऱ्या अंगास नवीन पनवेल. कोणत्या बाजूने उतरावे हे दोन शब्दांत लिहिता येते.

अमेरिकेत अटलांटा येथे १९९७ मध्ये २११ या क्रमांकावर अशी माहिती दूरध्वनीवरून देण्याची व्यवस्था सुरू झाली. आपल्याकडेही निरक्षर व्यक्तीसाठी नोंद कोणीतरी वाचूनच दाखवतो. म्हणून लिहून झाल्यावर ती एकदा मोठ्याने वाचावी. एका दमात न संपणारे वाक्य तोडावे. शेवटी माहिती पडताळल्याची तारीख घालावी, कारण वार आणि वेळा हेच सर्वांत आधी बदलतात.