खाणीतला तेलदिवा: उजेड आणि वायुपरीक्षा

उघड्या ज्योतीचा धोका

वीज येण्यापूर्वी भूमिगत कोळसाखाणीत उजेडासाठी वातीचे तेलदिवे किंवा मेणबत्त्या वापरत. कोळशाच्या थरांत मिथेन हा रंगहीन, गंधहीन वायू साठलेला असतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असले, की ठिणगीनेही स्फोट होतो. १८१२ मध्ये इंग्लंडमधील फेलिंग खाणीत अशाच स्फोटात ९२ जण मृत्युमुखी पडले.

डेव्हीची जाळी

रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. जाळीतून हवा आत येते. आत वायू पेटला तरी तारा त्याची उष्णता शोषून घेतात, त्यामुळे बाहेरचा वायू पेटण्याइतका तापत नाही. मात्र जाळीने उजेड अडतो. म्हणून नंतरच्या दिव्यांत ज्योतीभोवती जाड काच आणि तिच्यावर जाळी आली.

ज्योतीची परीक्षा

मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वात बारीक करून दिवा सावकाश छताकडे नेत. मोठ्या पिवळ्या ज्योतीच्या झगमगाटात न दिसणारी जळत्या मिथेनची फिकट निळी टोपी बारीक ज्योतीवर दिसते. ती साधारण १.२५ टक्के मिथेनपासून ओळखता येते आणि प्रमाणाबरोबर उंच होते. कोळसाखाणींच्या १९५७ च्या भारतीय नियमावलीतही कामाच्या ठिकाणी ज्वलनशील वायूची कमाल मर्यादा १.२५ टक्केच होती. उलट, प्राणवायू सुमारे १७ टक्क्यांखाली गेला, की ज्योत विझते. अशा हवेत साचणारा कार्बन डायऑक्साइड जड असल्याने ही परीक्षा तळाशी होत असे.

वर्धा खोरे

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. पुढे बल्लारपूरला उत्पादन सुरू झाले. वर्धा खोऱ्यातील बहुतेक खाणींत मिथेन कमी असतो, पण कोळसा हवेच्या संपर्काने आपोआप तापतो आणि प्राणवायू खर्च करतो. त्यामुळे जुन्या, बंद भागांत निळ्या टोपीइतकीच विझणारी ज्योतही महत्त्वाची ठरत असे.

मर्यादा

जोराच्या वाऱ्यात ज्योत जाळीबाहेर ढकलली जाऊ शकते. फाटलेली किंवा तापून लाल झालेली जाळी संरक्षण देत नाही. आपोआप पेटलेल्या कोळशातून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड घातक प्रमाणात असला तरी ज्योत तो दाखवत नाही. त्यासाठी अनेक देशांत कॅनरी पक्षी नेत. विसाव्या शतकात उजेडाचे काम टोपीवरच्या विजेच्या दिव्याने घेतले, तर तेलदिवा वायुपरीक्षेसाठी पुढेही अनेक दशके टिकला.