तळ्याचे पाणी आणि आकाशातील पहारा

पाणी हा आपल्या चळवळीचा जिव्हाळ्याचा विषय आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सार्वजनिक पाण्यावरील माणसाचा हक्क बजावला. हक्कानंतर पुढचा प्रश्न येतो : आपण पितो ते पाणी पिण्यायोग्य आहे काय? या प्रश्नाचा माग विज्ञान कसा घेते, हे अमेरिकेतील एका उदाहरणावरून पाहू.

अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवर ईरी हे सुमारे २५,७०० चौरस किलोमीटरचे सरोवर आहे. त्याच्या पश्चिम टोकाशी टोलेडो शहर वसले आहे. २ ऑगस्ट २०१४ रोजी तेथील सुमारे चार लाख लोकांना कळविण्यात आले, की नळाचे पाणी पिऊ नका. उकळूनही पिऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी उकळून पिण्यास सांगतात व ते योग्यच आहे, कारण त्याने रोगजंतू मरतात. परंतु येथे पाण्यात मायक्रोसिस्टिन हे यकृताला अपाय करणारे विष उतरले होते. ते उकळल्याने नाहीसे होत नाही. उलट पाण्याची वाफ झाल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. ४ ऑगस्टला ही बंदी उठली.

हे विष नीलहरित शेवाळातून येते. शेवाळ म्हटले जात असले तरी हे खरे तर जीवाणू आहेत. शेतातील खतांचे स्फुरद मॉमी नदीतून सरोवराच्या उथळ पश्चिम भागात येते. उन्हाळ्यात पाणी तापले, की या खाद्यावर शेवाळ झपाट्याने वाढते व पाण्यावर हिरवी साय धरते.

एवढ्या मोठ्या सरोवरावर होडीतून लक्ष ठेवणे कठीण. येथे उपग्रह उपयोगी पडतो. शेवाळातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते. नीलहरित शेवाळातील फायकोसायनिन हे रंगद्रव्य नारिंगी प्रकाश शोषते. पाण्यावरून परतलेल्या प्रकाशात कोणता रंग किती उणा आहे, हे उपग्रह मोजतो व त्यावरून शेवाळ कोठे आणि किती दाट आहे याचा नकाशा तयार होतो. २००२ ते २०१२ या काळात युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहाने हे काम केले. २०१६ पासून सेंटिनेल-३ मालिकेचे उपग्रह ते करीत आहेत. त्यांची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात.

मात्र या पहाऱ्याला मर्यादा आहेत. ढग आले की दृष्टी अडते. सेंटिनेल-३ च्या चित्रातील एक ठिपका ३०० मीटर लांब-रुंद असतो, त्यामुळे गावचे लहान तळे त्यात नीट दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उपग्रहाला रंग दिसतो, विष दिसत नाही. २०११ साली ईरीवरील शेवाळ २०१४ पेक्षा कितीतरी अधिक पसरले होते. पण टोलेडोचे पाणी बंद झाले ते २०१४ मध्ये, कारण त्या वेळी दाट शेवाळ शहराच्या पाणी उपशाच्या ठिकाणी येऊन साचले होते. म्हणून उपग्रहाने जागा दाखवावी आणि माणसाने तेथले पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत तपासावे, अशी ही जोडी आहे.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते, की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या. आपल्या गावच्या तळ्यावर हिरव्या रंगासारखी दाट साय दिसली, तर मुलांना व गुराढोरांना त्या पाण्यात उतरू देऊ नये, उकळून पिण्याच्या भरवशावर राहू नये, आणि ग्रामपंचायतीकडे व आरोग्य केंद्राकडे पाणी तपासून घेण्याची मागणी करावी. विद्यार्थ्यांनीही ध्यानात घ्यावे, की या एका विषयात भौतिकशास्त्र, जीवशास्त्र व भूगोल एकत्र येतात. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपल्या पूर्वजांनी लढून मिळविला. ते पाणी शुद्ध आहे की नाही, हे विचारण्याचा हक्क बजावणे आता आपल्या पिढीकडे आहे.