एका खोलीतली छपाई : स्टिकर आणि नक्षीची काच



१४ एप्रिल जवळ आला की रिक्षाच्या मागच्या काचेवर, मोटारसायकलच्या टाकीवर, घराच्या दारावर निळे स्टिकर दिसू लागतात. ते आपण विकत घेतो. पण ते आपल्याच घरी छापता येतात, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. स्क्रीन प्रिंटिंगला मोठे यंत्र लागत नाही. एक टेबल, एक फ्रेम आणि हाताची सवय एवढ्यावर काम चालते. मात्र ज्या खोलीत स्वयंपाक होतो आणि लेकरे निजतात, तिथेच हा उद्योग करायचा तर काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्या लागतात. आज आम्ही त्याच सांगणार आहोत.

काम कसे चालते?

लाकडी फ्रेमवर पॉलिस्टरची बारीक जाळी ताणून बसवतात. स्टिकरसाठी दर सेंटिमीटरला सुमारे १०० ते १२० धाग्यांची जाळी चालते. मंद उजेडात तिच्यावर फोटो इमल्शनचा पातळ हात देऊन ती सुकवतात. मग पारदर्शक कागदावर दाट काळ्या रंगात काढलेले चित्र तिच्यावर ठेवून ऊन किंवा दिव्याचा उजेड देतात. उजेड लागलेले इमल्शन कडक होते. काळ्या अक्षरांखाली उजेड पोचत नाही, तिथले पाण्याने धुऊन जाते. त्या मोकळ्या जागेतून शाई खाली उतरते. फ्रेम व्हिनाईलपासून दोन-तीन मिलिमीटर वर धरून रबरी पात्याने, म्हणजे स्क्वीजीने, एका दमात शाई ओढावी. व्हिनाईलला पीव्हीसी शाईच घ्यावी. काचेच्या आतून लावायचा स्टिकर पारदर्शक व्हिनाईलवर उलटा छापतात : आधी अक्षरे, मग मागचा रंग.

गोल पेल्याचे काय?

सपाट फ्रेम गोल पेल्यावर टेकत नाही. म्हणून चित्र आधी खास डिकल कागदावर छापतात आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा थर देतात. कागद पाण्यात भिजला की खालचा डिंक सुटतो आणि चित्र सरकवून काचेवर बसवता येते. आतले पाणी रबराने हलकेच दाबून काढावे. असे चित्र शोभेपुरते असते, रोजच्या घासणीत टिकत नाही. पक्की नक्षी हवी तर काचेचा मुलामा सुमारे ६०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजावा लागतो. ते काम घरच्या शेगडीवर करू नये.

आरोग्य आधी

काचेच्या काही रंगांत शिसे आणि कॅडमियम असते. २०१० साली अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने चित्रांचे सुमारे १ कोटी २० लाख ग्लास परत मागवले, ते रंगातील कॅडमियममुळेच. तेव्हा पिण्याच्या भांड्याच्या आत रंग कधीच लावू नये, बाहेरूनही काठाखाली दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. आमच्या मते घरगुती कामाला फोटोची चौकट, आरसा, दाराची काच हेच बरे.

काही इमल्शनमध्ये नारिंगी बायक्रोमेट मिसळतात. ते क्रोमियमचे विष आहे; त्याने कातडीवर जखमा होतात आणि कर्करोगाचाही धोका असतो. त्याऐवजी डायझोचे इमल्शन मागावे. थिनरची वाफ लगेच पेट घेते, म्हणून छपाई आणि स्वयंपाक एका वेळी नको. खिडकी उघडी ठेवावी, हातमोजे घालावेत. शाईची वाटी पुन्हा स्वयंपाकाकडे नेऊ नये.

मजुरी धरा

समजा, १०० स्टिकरांना १५० रुपयांचे सामान लागले आणि पाच तास गेले. तासाला ६० रुपये धरले तर मजुरी ३०० रुपये, एकूण ४५० रुपये. दहा नग वाया गेले तर विकायला उरले ९०. म्हणजे एक स्टिकर ५ रुपयांना पडला. तो चार रुपयांना देणारा धंदा करत नाही, घरच्या माणसांचे कष्ट फुकट वाटतो.

बहुरंगी फोटो आता डिजिटल यंत्रावर लवकर निघतात. त्यांच्याशी चढाओढ करू नये. एका-दोन रंगांची मंडळाची नावे, दुकानाच्या पाट्या, लग्नाची भेट अशी कामे धरावीत. सुरुवात एका रंगाने करावी आणि वहीत पहिल्या दिवसापासून घरच्या बाईच्या वेळेचाही रकाना ठेवावा.