खरवडण्याआधी वाचावे : एका फियाटच्या रंगाचा शोध

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे नाहीशी झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. हिशेब साधा होता. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून तिच्याविषयी भरभरून लिहून आले. मी ते वाचत होतो तेव्हा ठाण्यातल्या आमच्या जुन्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिची थोरली बहीण ताडपत्रीखाली उभी होती. वडिलांची १९७३ सालची फियाट. अकरा वर्षे ती जागची हललेली नव्हती. ती पुन्हा रस्त्यावर आणायची आणि रंगासकट होईल तेवढे काम घरीच करायचे, असे मी ठरवले.

ज्याला विचारले त्याने एकच सल्ला दिला : आधी सगळा रंग उतरवा, पत्रा उघडा करा, मग पुढचे बघू. तंत्राच्या दृष्टीने हा सल्ला चुकीचा नाही. तरी तो लगेच न पाळल्याने काय हाती लागले, ते या लेखात सांगायचे आहे.

ही गाडी कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीचा ‘११००’ हा नमुना तयार होत असे. १९६४ पासून तो ‘डिलाइट’ या नावाने आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकला गेला. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. वडिलांनी ती १९७९ मध्ये जुनी विकत घेतली. नवी घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबण्याचा तो काळ होता.

माझ्या आठवणीत ही गाडी पहिल्यापासून गडद हिरवी. वडील सांगत, “तुझ्या आईला हिरवा रंग आवडतो, म्हणून.” आम्हा भावंडांना ते पुरेसे होते.

जुन्या वास्तूंच्या रंगांचा अभ्यास करणारे एक सोपी पद्धत वापरतात. भिंतीवर रुपयाएवढ्या जागी घासत जायचे, मध्ये खोल आणि कडेला उथळ. मग एकाखाली एक दडलेले थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे दिसू लागतात. मी तेच गाडीवर केले. जाड वॉटर पेपरने सुरुवात करून बारीक पेपरवर आलो. पाणी भरपूर वापरले, कारण जुन्या रंगांत आणि अस्तरांत शिसे असू शकते आणि कोरडे घासले की त्याची धूळ थेट फुप्फुसात जाते.

डिकीच्या झाकणावर वर्तुळे उमटली ती अशी : बाहेर हिरवा, त्याखाली पातळ राखाडी अस्तर, मग फिकट निळा, मग लालसर अस्तर आणि शेवटी पत्रा. डॅशबोर्डच्या मागे आणि दारांच्या रबराखाली, जिथे ऊन कधी पोचलेच नव्हते, तिथे तोच निळा पावसाळ्यानंतरच्या आकाशासारखा ताजा होता. म्हणजे गाडी मुळात निळी. उजव्या बाजूच्या सगळ्या पत्र्यांनी हीच साक्ष दिली.

डावीकडच्या पुढच्या मडगार्डने मात्र दिली नाही. तिथे हिरव्याखाली निळा नव्हताच. हिरव्याखाली जाड लांबी होती, म्हणजे पत्र्यातले खड्डे भरायचा लगदा, आणि तिच्याखाली ठोकून सरळ केलेला पत्रा. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक लावून पाहिले. इतरत्र ते घट्ट चिकटत होते, इथे सुटून खाली पडत होते. लांबी मडगार्डपासून पुढच्या दाराच्या मध्यापर्यंत पसरलेली होती.

आईला विचारले. तिचे वय आता एक्क्याऐंशी. ती म्हणाली, “मला कुठे हिरवा आवडायचा? भिवंडीच्या रस्त्यावर ट्रकने घासत नेलं होतं. तू मागच्या सीटवर झोपला होतास, तुला कळलंही नाही. मुलं गाडीत बसायला घाबरतील म्हणून ते कधी बोलले नाहीत.”

मग एवढ्यासाठी सगळी गाडी का रंगवली? याचे उत्तर रसायनात आहे. उन्हाने रंग विटतो. दहा वर्षे उन्हात राहिलेल्या निळ्याशेजारी कारखान्याचाच नवा निळा लावला तरी तो ठिगळासारखा दिसतो. रंग जुळेना, तेव्हा वडिलांनी गाडीच दुसऱ्या रंगाची केली आणि अपघात झाकला गेला. सल्ला ऐकून आधीच पत्रा उघडा केला असता, तर खड्डे दिसले असते, पण ते हिरव्या रंगाच्याच वेळचे आहेत हे कशावरून कळले असते?

थर वाचून झाले की रंगाची जात ओळखावी लागते. गाडीचे रंग मुख्यतः तीन तऱ्हांनी वाळतात. पहिला नायट्रोसेल्युलोजचा. गॅरेजमध्ये गाडीच्या रंगालाच आपण ‘ड्युको’ म्हणतो, पण ते मुळात ड्यूपॉन्ट या अमेरिकन कंपनीच्या अशा रंगाचे नाव. तो १९२३ मध्ये आला. त्याआधी तेल-वार्निशाचे हात देऊन मोटार रंगवायला आठवडे लागत. हा रंग तासांत वाळू लागला. दारूगोळ्यातला गनकॉटन याच कुळातला आणि फाळक्यांचे मूकपट ज्या फितीवर उतरले तीही याच कुळातली. आगीशी या सगळ्यांचे नाते जवळचे आहे. हा रंग केवळ थिनर उडून गेल्यामुळे वाळतो, त्यामुळे कितीही वर्षांनी थिनर लावला की पुन्हा विरघळतो. दुसरा इनॅमल. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो. त्याला थिनर लावला तर विरघळण्याऐवजी सुरकुततो. तिसरा दोन डब्यांचा पॉलियुरेथेन. रंग आणि हार्डनर यांची आपसात प्रक्रिया होऊन तो घट्ट होतो आणि थिनरला दाद देत नाही.

परीक्षा सोपी आहे. थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा रंगावर धरायचा. आमचा हिरवा बोळ्यावर उतरला, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ही परीक्षा न करता इनॅमलवर नायट्रोसेल्युलोज मारला, तर थिनर खालचा थर उचलतो आणि आठवड्याची मेहनत तासाभरात सुरकुतते.

वाचन संपले तेव्हाच मी खरवडायला घेतले. ते टाळता येणार नव्हते, कारण दारांखालचा पेटीसारखा लांबट पत्रा आतून गंजला होता. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फोडासारखा फुगतो. फोड दिसतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. तिथे लांबी भरून वर रंग देणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला वार्निश लावणे. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडून घेतला. एवढे एक काम मी बाहेरच्या कारागिराकडून करवले. वरवरच्या गंजाला फॉस्फोरिक आम्ल लावले. त्याने गंजाचे लोहफॉस्फेट होते आणि त्यावर अस्तर नीट धरते.

माझी चूक जुलैत झाली. दोन दिवस ऊन पडले म्हणून मी उतावीळ होऊन डिकीच्या झाकणावर हिरव्याचा पहिला हात मारला. दहा मिनिटांत त्यावर दुधासारखी साय आली. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतले पाणी ओल्या रंगावर उतरते. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसेच. झाकण पुन्हा घासले आणि डिसेंबरची वाट पाहिली.

त्या काळात मी एका जुन्या पेंटरकडे बसायला जात असे. बंदूक पत्र्यापासून वीतभर अंतरावर, समांतर कशी फिरवायची, हे त्यांनी हात धरून शिकवले. तीस वर्षे त्यांनी तोंडाला रुमाल बांधून काम केले. आता दोन जिने चढताना ते मध्ये बसतात. डॉक्टरांनी रंगाजवळ जायला मनाई केली आहे. दोन डब्यांच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की अगदी थोड्या मात्रेनेही तो उसळतो. वासावरून धोका ओळखता येत नाही. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो, रुमाल नव्हे. तो रंग अधिक टिकाऊ आणि चकचकीत असतो, तरीही घरामागच्या शेडमध्ये मारायचा नाही, असे मी ठरवले. नायट्रोसेल्युलोज घेतला. त्यालाही कोळशाच्या गाळणीचा मुखवटा, दोन्ही बाजूंनी वारा, ओली जमीन आणि ठिणगी पडेल असे एकही बटण चालू नसणे हे नियम लागतातच.

उरला प्रश्न रंगाचा. निळा की हिरवा? जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, यावर त्यात भर आहे. पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. जुन्या गाड्यांचे जाणकार निळाच सुचवत होते, आणि कारखान्याच्या दृष्टीने ते बरोबर होते.

मी हिरवा दिला. व्हिंटेजची नोंदणीही केली नाही, कारण आईला बसवून ती चालवायची होती. मूळ रंग कारखान्याचा असतो, हे खरे. पण या गाडीचे आमच्या घरातले आयुष्य त्या हिरव्यातच गेले, आणि तो देण्यामागचे कारण आता मला ठाऊक होते.

डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र तळहाताएवढी जागा मी घासली नाही आणि रंगवलीही नाही. तिथे ती वर्तुळे पारदर्शक वार्निशाखाली तशीच ठेवली आहेत : हिरवा, राखाडी, निळा, लाल, लोखंड. माझ्यानंतर ही गाडी कुणी हाती घेतली आणि त्याला कुणी ‘आधी सगळा रंग उतरवा’ असे सांगितले, तर निदान तेवढे त्याच्या नजरेस पडावे.

जानेवारीत आईला घेऊन उपवनच्या तळ्यापर्यंत गेलो. डाव्या बाजूचे दार लावण्यापूर्वी तिने मडगार्डवरून हात फिरवला आणि म्हणाली, “आता इथे काही लागत नाही हाताला.”