फाटकाआडची बातमी : भाग ६
धावपट्टीच्या अलीकडची रेघ

तारापूर-बोईसरच्या बातमीदाराला फाटक म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. १९६९ पासून वीज देणाऱ्या अणुवीज केंद्राच्या सावलीत वाढलेला माणूस तो. आत जायचं तर आधी अर्ज, मग चौकशी, मग पास, हे त्याला पाठ असतं. आज जरा वेगळं फाटक बघू : लष्करी वैमानिकांच्या चुरशीचं.

ते फार लांब नाही. पालघरहून मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर करत नाशिक गाठलं की गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा लागते. इथे अभ्यासक्रम संपल्यावर छातीवर ‘विंग्ज’ चढतात आणि तुकडीत सरस ठरलेल्याला सिल्व्हर चीता करंडक मिळतो. २५ मे २०२२ ला कॅप्टन अभिलाषा बराक यांना इथेच विंग्ज मिळाले आणि त्या लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरल्या. त्या दिवशी फाटक पत्रकारांसाठी उघडलं होतं, म्हणून ती बातमी देशभर पोचली.

ते उघडतं कसं? ओळखीने नव्हे. निमंत्रण संरक्षण खात्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याकडून येतं. साधारणपणे नावं, ओळखपत्रं आणि कॅमेऱ्यांचा तपशील आधी मागवला जातो. ऐनवेळी ‘आमच्या फोटोग्राफरऐवजी त्याचा भाऊ आलाय’ म्हटलं, तर भाऊ रस्त्यावरच राहतो. आत गेल्यावर सोबत एक अधिकारी असतो आणि समोर एक रेघ असते. रेघेपलीकडे जायचं नाही. रडार, नियंत्रण कक्षातले पडदे, उभ्या विमानांच्या उघड्या झडपा यांच्याकडे कॅमेरा वळवण्याआधी विचारायचं.

यातला सगळाच जाच गुप्ततेचा नाही. १९५२ साली इंग्लंडमधल्या फार्नबरो इथे कसरत करणारं विमान हवेत तुटलं आणि त्याचे तुकडे गर्दीत कोसळले. प्रेक्षक आणि विमान यांच्यातलं अंतर आज इतक्या काटेकोरपणे मोजतात, त्यामागे असे अपघात आहेत. ड्रोन उडवून ही रेघ ओलांडू असा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर २०२१ च्या ड्रोन नियमांत लाल क्षेत्र म्हणजे काय ते एकदा वाचावं. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

प्रात्यक्षिक आणि स्पर्धा यांत मात्र एक मोठा फरक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोखरणला झालेल्या भारतीय हवाई दलाच्या ‘वायुशक्ती’ प्रात्यक्षिकात १२१ विमानं आणि हेलिकॉप्टरं उतरली होती. तिथे कुणी हरत नाही, सगळं दाखवण्यासाठीच असतं. स्पर्धेत कुणीतरी हरतं. कुठल्या पथकाचे किती नेम चुकले, हा आकडा पत्रकाराला हवा असतो आणि नेमका तोच सांगताना अधिकारी आवंढा गिळतात. चूक त्यांचीही नाही. ती संख्या शत्रूलाही वाचता येते.

पण नोंदच हरवली तर काय होतं, याचा एक किस्सा सांगतो. १९४९ च्या मे महिन्यात अमेरिकी हवाई दलाची नेमबाजी स्पर्धा लास व्हेगासजवळ झाली. पंख्याच्या विमानांच्या गटात ३३२ व्या फायटर ग्रुपने बाजी मारली. हे वैमानिक कृष्णवर्णीय होते. त्याच वर्षी जुलैत त्यांचं पथक विसर्जित झालं. पुढे हवाई दलाविषयीच्या वार्षिकीत १९४९ च्या विजेत्यापुढे कित्येक वर्षं ‘अज्ञात’ असंच छापून येत राहिलं. ती दुरुस्ती १९९५ मध्ये झाली. करंडक तर २००४ साली ओहायोतल्या संग्रहालयाच्या कोठारात सापडला. जिंकणाऱ्यांपैकी जेम्स हार्वे यांचं नाव आता अमेरिकी हवाई दलाच्या ‘विल्यम टेल’ या हवाई स्पर्धेतल्या एका पुरस्काराला दिलं आहे. १९ वर्षांच्या खंडानंतर ती स्पर्धा २०२३ मध्ये पुन्हा भरली.

तेव्हा पास मागताना अर्जातच दोन ओळी जास्त लिहा : निकाल कधी जाहीर होणार, आणि तो लेखी मिळेल का?