भातावरील लहान पतंगांची पंखचिन्हांद्वारे ओळख : बदलापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : उल्हास नदीच्या खोऱ्यातील बदलापूर गाव व परिसरात भात हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. पावसाळ्यात दिव्याभोवती जमणाऱ्या लहान पतंगांत भातकिडींचे प्रौढही असतात. नुकसान अळी करते. परंतु प्रत्येक अळीवरील उपाय भिन्न असल्याने पतंगाची अचूक ओळख महत्त्वाची ठरते.

ओळखीची लक्षणे : पंखांवरील रंग व चिन्हे सूक्ष्म खवल्यांमुळे निर्माण होतात. सापळ्यात फडफडताना हे खवले झडतात व रंग फिका पडतो. म्हणून रंगापेक्षा चिन्हांची संख्या, स्थान व लांबी यांवर भर द्यावा.

१) पिवळा खोडकिडा (सिर्पोफॅगा इन्सर्टुलास) : मादीच्या पिवळसर पुढील पंखावर मध्यभागी एकच ठळक काळा ठिपका असतो. नर आकाराने लहान व तपकिरी असून त्याचा ठिपका अस्पष्ट असतो; पंखाच्या टोकाकडे बारीक ठिपक्यांची तिरकी ओळ दिसते. त्यामुळे एकाच जातीचे नर-मादी दोन भिन्न जातींचे भासतात. कामगंध सापळ्यात केवळ नर येत असल्याने ही बाब विशेष लक्षात घ्यावी लागते.

२) पाने गुंडाळणारी अळी (नॅफॅलोक्रोसिस मेडिनालिस) : सोनेरी-पिवळसर पुढील पंखावर दोन पूर्ण आडव्या गडद रेषा, त्यांच्यामध्ये एक आखूड अपूर्ण रेषा व कडेला गडद पट्टा असतो. मरास्मिया गटातील जाती हिच्याशी अत्यंत साम्य दर्शवितात. तेथे मधल्या रेषेची लांबी तपासावी. शंका उरल्यास जननांगांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी निर्णायक ठरते.

३) सुरळीतील अळी (पॅरापॉइंक्स स्टॅग्नालिस) : पंख पांढरेशुभ्र असून त्यांवर फिकट तपकिरी नागमोडी खुणा असतात. पांढऱ्या खोडकिड्याचे पंख मात्र चिन्हविरहित असतात.

व्यावहारिक महत्त्व : सुरळीतील अळी पाण्यावर अवलंबून असल्याने खाचरातील पाणी काढून टाकणे उपयुक्त ठरते. खोडकिड्याची अळी खोडाच्या आत असल्याने या उपायाचा तिच्यावर परिणाम होत नाही. तेथे अंडीपुंज वेचणे व गाभेमर झालेले फुटवे काढणे हितावह होय. चुकीच्या ओळखीवरून केलेली फवारणी खर्च वाढविते व कोळी, परोपजीवी गांधीलमाश्या यांसारखे मित्रजीव नष्ट करते.

समारोप : हातभिंग, ताजे नमुने व दिनांक-स्थळाची नोंद एवढ्या साधनांवर महाविद्यालयीन विद्यार्थी अशी ओळख करू शकतात. संशयास्पद नमुने कर्जत येथील प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रातील तज्ज्ञांना दाखविल्यास अभ्यासास शास्त्रीय आधार लाभेल. शहरीकरणामुळे भातखाचरे घटत असलेल्या या परिसरात अशा नोंदींना संदर्भमूल्यही प्राप्त होते.