पाणबुडीचं झाकण आणि आपला खारपाणपट्टा

अकोल्यात समुद्र नाही. तरी घरी बांधलेल्या पाणबुडीच्या झाकणाला कोणता धातू वापरायचा, हा प्रश्न आपल्याला परका नाही बाप्पा! दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या खाऱ्या बोअरमधून पंप वर काढल्यावर त्याचे नटबोल्ट बघा, अर्धं उत्तर तिथंच आहे.

दर 10 मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. 60 सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर 10 मीटरवरच सुमारे 2.8 टन भार! म्हणून झाकण बाहेरून बसवतात, पाणीच ते दाबून धरतं.

खरा घोळ गंजाचा. सांगाडा बहुधा साध्या पोलादाचा. त्यावर ॲल्युमिनियमचं झाकण हलकं पडतं, पण खाऱ्या पाण्यात दोन धातू भिडले की बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्टेनलेसचं लावलं तर उलट, पोलादी कड झिजते. शिवाय रबरी रिंगच्या खाचेत प्राणवायू कमी पोचतो, तिथं 304 या प्रकारच्या स्टेनलेसला खड्डे पडतात. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, ते जास्त टिकतं. (दुकानात चुंबक लावून 304 आणि 316 ओळखू म्हणाल, तर नाही जमत.)

माझं मत: झाकण आणि कड एकाच पोलादाची, चांगला रंग आणि शेजारी जस्ताचा तुकडा. गंज आधी जस्ताला खातो. बिजागरीत मात्र स्टेनलेसवर स्टेनलेस नको, घासून जाम होतं. पिनेला ब्राँझचं बुश द्या.

भारताच्या मत्स्य 6000 या खोल समुद्रातल्या पाणबुडीचा माणसं बसायचा गोल टायटॅनियमचा आहे, पण त्याला 6000 मीटर खाली जायचंय.